मीटर बरोबर आहे

आमच्या घरी सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात भाताची तीन पातेली रटरटत असायची आणि अंगणात कोणाचं तरी इंजिन. कुंभिवलीला हायवेपासून हाकेच्या अंतरावर घर. मागे आमची भाताची शेतं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, त्यातल्या निम्म्या भागावर तेलाचे डाग. आई खाणावळ चालवायची. टेबलखुर्च्यांची नव्हे, साजगावच्या दोन कारखान्यांतल्या कामगारांचं दुपारचं जेवण आमच्या घरून जायचं. भात, वालाची आमटी, बटाट्याची नाहीतर दुधीची भाजी, तांदळाची भाकरी आणि बुधवारी सुकट. सुकट भाजली की तो वास हायवेवरच्या ट्रकवाल्यांपर्यंत जाई आणि एखादा हमखास विचारायला येई, "मावशी, हाटेल हाय का?" आई म्हणायची, "हाटेल नाय, घर हाय. बस, खाऊन जा." नाना, म्हणजे माझे वडील, ही सगळी पातेली आमच्या जुन्या पेट्रोलच्या जीपमध्ये घालून साडेबाराच्या भोंग्याआधी पोचवायचे. आमच्याकडे तेवढी एकच गाडी होती.

बाकीच्या वेळात नाना लोकांच्या गाड्यांचे कार्ब्युरेटर जुळवायचे. इंजिनात पेट्रोल आणि हवा किती किती मिसळावी हे ठरवणारं ते पितळी-ॲल्युमिनियमचं भांडं. त्याला दोन स्क्रू, आणि ते दोन स्क्रू नाना ज्या हाताने फिरवायचे त्या हातासाठी कर्जत-खोपोलीहून गाड्या यायच्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मालक शेजारी उभा राहून बोलत असला तर म्हणायचे, "गप रं जरा, तिला बोलू दे." मग इंजिनात ठिणगी पाडणारा एक प्लग काढून बघायचे. प्लगचं टोक दुधाच्या चहासारखं तांबूस असलं की ठीक, काळं असलं तर पेट्रोल जास्त, पांढरं असलं तर कमी. कमी म्हणजे वाईट, कारण इंजिन आतून तापतं आणि जळतं. एवढंच त्यांचं शास्त्र, आणि ते कधी चुकल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "तुमचं ते ढ्यांव ढ्यांव बंद करा, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नायत!" आणि नाना स्क्रू आणखी अर्धा फेरा फिरवायचे.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा संपवून घरी बसले होते. बसले होते म्हणजे सकाळी शंभर भाकऱ्या थापत होते आणि दुपारी खोपोलीच्या सायबर कॅफेत जाऊन कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आपल्या जुन्या गाड्यांना घरी बनवलेला कम्प्युटर कसा बसवतात ते वाचत होते. कार्ब्युरेटर काढायचा, त्याच्या जागी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बसवायचा, आणि किती फवारायचं ते एक सर्किट ठरवणार. मला तहानभूक सुचेना. एका दुपारी नाना जेवत असताना विचारलं, "नाना, आपल्या जीपला कम्प्युटर बसवू का?" ते म्हणाले, "कम्प्युटर? जीप काय टायपिंग करनार का गं?" आईला मात्र हसू आलं नाही. तिने वरणाची पळी तशीच धरून सांगितलं, "वैशे, एकच जीप हाय. ती बसली तर पातेली डोक्यावर न्यायची का? दोन दिवस जेवन चुकलं तर कारखानेवाले तिसऱ्या दिवशी दुसरा बघतील. टपूनच हायत लोक." नाना बोटं चाटून म्हणाले, "बसवू दे तिला. मी हाय ना बघायला." त्यांच्या या एका वाक्यावर मी पुढचे चार महिने ओढले.

ते चार महिने तपशिलाने सांगण्यात अर्थ नाही; वायरी सगळ्यांच्याच सारख्या असतात. सर्किट बसवायला डबा हवा होता म्हणून मी आईचा पोळ्यांचा स्टीलचा डबा ढापला. त्याला भोकं पाडलेली बघून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जीप दर रविवारी माझी, सोमवारी सकाळी पुन्हा आईची, असा करार होता. म्हणजे रविवारी उघडलेलं सगळं संध्याकाळपर्यंत मिटवून ठेवायचं. एका रविवारी नाना आणि मी मिळून इंजेक्टर बसवला आणि जीप सुरू झाली. सुरू झाली, पण खोकत. मी अंदाजाने भरलेल्या आकड्यांवर ती चालली होती, आणि अंदाज म्हणजे शेवटी अंदाज. धुरात किती प्राणवायू उरला आहे हे मोजणारा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसवला तर मिश्रणात पेट्रोल जास्त की कमी ते कळतं, आणि कम्प्युटर स्वतःच दुरुस्ती करू शकतो. सेन्सर मला भंगारात मिळाला. पण तो चांगल्यातला होता, नुसतं जास्त-कमी न सांगता किती जास्त किती कमी ते सांगणारा, आणि असला सेन्सर एकटा काही बोलत नाही. त्याला आतून लालभडक तापवणारा, ठरावीक वीज देऊन त्याचं म्हणणं काढून घेणारा एक वेगळा कंट्रोलर लागतो. तो विकत घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मी तो घरी बनवला. पहिले तीन जळले. तिसऱ्याने तर माझी ओढणीही थोडी जाळली. चौथा चालला. आज मी एका वाहन-चाचणी केंद्रात काम करते, रोज असले कंट्रोलर हाताखालून जातात, पण त्या चौथ्याची जोडणी मी आजही डोळे मिटून कागदावर काढू शकते.

कंट्रोलर बनवला की त्याला एकदा मोकळी हवा दाखवावी लागते. भाजीवाला सकाळी आधी रिकामा तराजू धरून काटा मध्यावर आहे का बघतो, तसंच हे. मोकळ्या हवेत प्राणवायू किती असतो ते ठरलेलं आहे, मुंबईत काय आणि कुंभिवलीत काय. सेन्सर उघड्यावर तापवायचा, बटण दाबायचं, आणि कंट्रोलरने समजून घ्यायचं की हे ते माप. मी सेन्सर घराच्या मागच्या आंब्याच्या फांदीला तारेने टांगला, बॅटरी खाली ठेवली, टोक लाल होईपर्यंत थांबले आणि बटण दाबलं. इतकी सोपी गोष्ट. वहीत लिहिलं: मोकळी हवा, काम झालं. मग एका पट्टीवर दहा छोटे दिवे लावून एक मीटर केलं, ते नानांच्या समोर डॅशबोर्डवर बसवलं. मधले हिरवे लागले की मिश्रण बरोबर, डावीकडचे लाल म्हणजे पेट्रोल कमी, उजवीकडचे पिवळे म्हणजे जास्त. पहिल्यांदा जीप फिरवली तेव्हा सुरुवातीला पिवळे लागले, मग कम्प्युटरने पेट्रोल कमी केलं आणि दिवे हळूहळू हिरव्यावर येऊन थांबले. मी ओरडलेच. इतका आनंद मला नंतर पगाराच्या नोकरीत एकदाही झाला नाही.

ही बातमी पांडूकाकाने गावभर केली. पांडूकाका आमचा शेजारी, टेंपो चालवायचा, पातेली चढवायला-उतरवायला नानांना मदत करायचा आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. चार ड्रायव्हर मीटर बघायला अंगणात जमले. "काय रं नाना," पांडूकाका म्हणाला, "आता तुजा कान काय कामाचा? विकून टाक." नाना हसले. मला वाटतं खरंच हसले. त्यांनी सगळ्यांना दिवे दाखवले, पोरीने केलंय म्हणून सांगितलं, आणि सवयीने बोलता बोलता एक प्लग काढून हातात घेतला. टोक पांढरं होतं. चुना लावल्यासारखं पांढरं. नानांनी तो फडक्याने पुसला, पुन्हा बघितला आणि माझ्यापुढे धरला. "वैशू, हे बघ. मीटर काय सांगतंय?"

मी म्हणाले, "मीटर बरोबर आहे, नाना. आता प्लग बघायचे दिवस गेले."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. नाना प्लगकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गेले असतील." आणि त्यांनी तो प्लग जागेवर घट्ट बसवला. माझा आवाज कसा होता ते मला नीट आठवतं, आणि ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. तो उर्मट नव्हता, समजावणीचा होता. लहान मुलाला समजावतात तसा.

पुढचे दहा-बारा दिवस जीप साजगावला जाऊन येऊन होती. रस्ता सपाट, वजन बेताचं, काही बिघडलं नाही, उलट पेट्रोल कमी लागतंय म्हणून आईसुद्धा थोडी नरमली. तेवढ्यात आईला घाटावरच्या एका हळदीच्या जेवणाची ऑर्डर मिळाली. कारखान्यातल्या एका मुकादमाच्या पुतणीची हळद. जेवण आवडलं तर पुढे लग्नाचंही आपल्याकडेच, आणि मुकादम खूश म्हणजे कारखानाही पक्का. आई पहाटेपासून राबत होती. वालाचं बिरडं, मसालेभात, तांदळाच्या पिठाचे वडे, मोठ्या टोपात मटणाचा रस्सा, टोपाच्या तोंडाला ओलं फडकं आणि त्यावर कणकेने लिंपलेलं झाकण. जीप खाली बसली होती. नाना चालवायला, मी शेजारी मीटरवर डोळे लावून, पांडूकाका मागे टोप धरून. निघताना आई खिडकीशी येऊन म्हणाली, "रस्सा हिंदकळू देऊ नका, बाकी काय पन होऊ दे." असं बोलू नये माणसाने.

घाट लागला. उन्हाचा कडाका, पुढे ट्रकची रांग, दुसऱ्या गिअरमध्ये जीप कण्हत चढत होती. अर्ध्या वाटेवर बॉनेटखालून एक बारीक आवाज यायला लागला, डब्यात खडे हलवल्यासारखा टकटक टकटक. नानांनी मान तिरकी केली. "ऐकलंस?" मी मीटर बघितलं. मधले दोन्ही दिवे हिरवेगार. "हिरवं आहे, नाना." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाय होता तसाच ठेवला. पुढच्या वळणावर फाडकन आवाज झाला, जीपचा जोर गेला, आणि बॉनेटच्या फटीतून निळसर पांढरा धूर उसळला. नानांनी कशीबशी ती कडेला घेतली. मागून ट्रक हॉर्न मारत होते. पांडूकाका खाली उतरला, त्याच्या बाहीवर रस्सा सांडला होता. "काय झालं रं? पोरीच्या डब्यानं घात केला ना? मी म्हनत हुतो!"

नानांचं डोकं बॉनेटखाली होतं. ते तसेच वाकलेले राहून म्हणाले, "डब्याचं काय नाय. तेल संपलं. सकाळी तेल बघायचं राहिलं. माजीच चूक."

पांडूकाका बाही पिळता पिळता थांबला. मग म्हणाला, "तू? तेल बघायला इसरला?" नाना म्हणाले, "व्हतं कधी." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण त्या घटकेला मला फक्त सुटल्यासारखं वाटलं, आणि मी तोंड उघडलं नाही.

जेवण एका रिकाम्या टेंपोतून वर गेलं, उशिरा आणि गार. मुकादमाने सांभाळून घेतलं. पण जीप पंधरा दिवस अंगणात उघडी पडली. पांडूकाकाचा टेंपो त्याच्या फेऱ्यांमधून मिळेल तेव्हा, त्यामुळे जेवण कधी एकला पोचे, कधी दीडला. दोनांतला एक कारखाना गेला. आईने नानांना फक्त एकदा विचारलं, "तुमी? तेल?" नाना मान खाली घालून जेवत होते. आईने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग तिने नानांच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला. गावात मात्र ही गोष्ट थांबेना. टपरीवर नाना दिसले की कोणीतरी म्हणायचंच, "नाना, चहात तेल बघितलंस का?" थट्टा ती थट्टा, पण जो मेकॅनिक स्वतःच्या गाडीचं तेल बघत नाही त्याच्या हातात आपलं इंजिन कोण देणार? कर्जतकडच्या गाड्या आधी बंद झाल्या, मग खोपोलीच्या. अंगण रिकामं राहायला लागलं. आईच्या शिट्ट्या आता नीट मोजता येत होत्या.

इंजिन नानांनी आणि मी दोघांनीच उघडलं. एका पिस्टनच्या डोक्याला आरपार भोक, कडा मेणासारख्या वितळलेल्या. आणि खालचे बेअरिंग स्वच्छ, चकचकीत. तेल संपून इंजिन गेलं असतं तर हे बेअरिंग आधी खरवडले असते. हे मलाही कळत होतं. नानांनी ते कागदात गुंडाळून पटकन आत ठेवले, कोणी येऊन बघायच्या आधी. मी सेन्सर काढून पुन्हा आंब्याला टांगला. सकाळची वेळ होती, वारा सुटला होता. आणि कंट्रोलर मला सांगत होता की या हवेत प्राणवायू आहे त्यापेक्षा खूपच जास्त आहे. जगात कुठेच नसतो इतका. मी तासभर सर्किट तपासत बसले. मग सहज समोर नजर गेली. आंब्यापासून दहा पावलांवर राबाचे चौकोन होते, काळे, भाजलेले.

आमच्याकडे भाताची रोपं टाकायची ती जमीन आधी भाजून घेतात. शेण, पालापाचोळा, पेंढा पसरायचा, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. ते दिवस-दिवस धुमसत राहतं. सगळ्यांचे राब एकाच सुमाराला, त्यामुळे त्या दिवसांत सगळ्या गावावर धूर असतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. डोळे चुरचुरले तर पाणी मारायचं. माझ्या लेखी तो धूर नव्हताच, ती हवा होती, जन्मापासून घेतलेली. मी बटण दाबलं तेव्हा आमचा राब पेटलेला होता आणि आई काठीने तो सारखा करत होती. धुरकट, अर्धवट जळालेल्या हवेला मी कंट्रोलरला शुद्ध हवा म्हणून शिकवलं होतं. तिथून त्याचं मापच ताणलं गेलं: कमी असलं तर खूप कमी, जास्त असलं तर खूप जास्त. इंजिनवर जोर आला की पेट्रोल मुद्दामच थोडं जास्त द्यावं लागतं, ते तो आहे त्यापेक्षा जास्त सांगायचा, कम्प्युटर बिचारा ते कमी करायचा, आणि दिवे हिरवे राहायचे. पुस्तकात लिहिलं होतं, मोकळ्या हवेत धरा. मोकळी म्हणजे काय ते लिहिलं नव्हतं, आणि मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

नाना पडवीत बसून इंजिनच्या जोडात बसवायचं कागदी गॅस्केट कापत होते. मी सगळं सांगितलं. ते कात्री चालवत ऐकत राहिले. मी विचारलं, "प्लग पांढरा होता ते तुमाला कळलं होतं ना?"

"कळलं व्हतं."

"मग जीप थांबवली का नाय?"

"तू शिकलेली. चार मानसांसमोर म्हनालीस बरोबर हाय. मला वाटलं, आसंल बाबा, आपलंच जुनं झालं."

"आणि घाटात? टकटक ऐकू आली तेव्हा?"

"तवा कळलं का तुजंच चुकतंय." त्यांनी कात्रीला लागलेला कागदाचा तुकडा काढला. "पाय काढायला पायजे व्हता. तू हिरवं म्हनालीस, मी नाय काढला. म्हंजी माजी पन चूक हायच की."

"मग तेल का सांगितलंत?"

"पांडू व्हता ना तिथं. त्यानं गावभर केलं असतं, पोरीनं बापाचं इंजिन जाळलं. मग तुला कोन हात लावू देनार हाय गाडीला?" ते पुन्हा कापायला लागले. "माजं नाव व्हायचं ते झालंय. तुजं व्हायचं हाय."

मी म्हणाले की मी आत्ता जाऊन टपरीवर खरं काय ते सांगते. ते पहिल्यांदाच चिडले. "काय सांगू नको. तू तो डबा नीट कर." मी डबा नीट केला. गेले नाही. त्यांनी मनाई केली म्हणून गेले नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत असे. आता तसं सांगत नाही.

सगळे राब विझल्यावर, वाऱ्याच्या दिवशी, नदीकाठी जाऊन मी सेन्सरला पुन्हा हवा दाखवली. नव्या पिस्टनवर जीप छान चालली, आणखी आठ वर्षं. गाड्या मात्र परत आल्या नाहीत. नानांनी राहिलेल्या एका कारखान्याचं जेवण पोचवलं, शेती केली, आणि अंगणात एखादी चुकार गाडी आलीच तर मला हाक मारली. पुढे मी नोकरीच्या मुलाखतीला गेले ती तोच स्टीलचा डबा आणि तोच चौथा कंट्रोलर पिशवीत घालून. समोरच्या तिघांनी तो उलटापालटा करून बघितला, त्यांना फार आवडला. त्यातल्या एकाने विचारलं, "या सिस्टीमवर इंजिन कधी फेल झालं का?" मी म्हणाले, "एकदा. पण ते तेल संपल्यामुळे." नोकरी मिळाली. संध्याकाळी मी नानांना पेढा दिला, त्यांनी अर्धा आईला दिला.

नाना जाऊन सहा वर्षं झाली. पांडूकाका आहे, डोळ्यांनी अधू झालाय, तरी टपरीवर येऊन बसतो. परवा मी गावी गेले तेव्हा नव्या पोरांना सांगत होता, हिचा बाप लई मोठा मेकॅनिक, पन एकदा तेल बघायला इसरला आनि सगळं गेलं. पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली आणि चहा प्यायले. तिथे मला अजून जमलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. त्या सकाळी निघण्याआधी नानांनी तेल बघितलं होतं. तेल मोजायची पट्टी बाहेर काढून, पुसून, पुन्हा घालून, उन्हात धरून बघितलं होतं. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. पट्टी पुसायला फडकं मीच त्यांच्या हातात दिलं होतं.